घराची बोलणी करताना या चुका टाळा: भाव ठरला म्हणजे व्यवहार ठरला असं नाही

रीसेल फ्लॅटच्या भावाची घासाघीस साधारण दोन-तीन बैठकांत उरकते. झोप उडते ती 'ठरलं' म्हणून पेढे खाल्ल्यावर. पार्किंग धरलंय का, ताबा कधी, कर्ज मंजूर झालं नाही तर टोकनचं काय, थोरल्या बहिणीची सही कोण आणणार, हे सगळं मग एकेक करून वर येतं. प्रत्येक वेळी नव्याने वाद, आणि प्रत्येक वादात 'तुम्ही तर त्या दिवशी असं म्हणाला होतात.' हा ताण बहुतांशी आपणच ओढवून घेतलेला असतो, कारण बैठकीत आपण फक्त आकडा बोललेलो असतो. ऑफर द्यायची ती आकडा, तारखा आणि अटी एकत्र धरून. खालची गणितं पुण्यातल्या ९० लाखांच्या फ्लॅटची आहेत. मुंबईत मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी पडतं, बाकी रीत तीच.

खिसा न तपासता भाव बोलणं

'८० टक्के कर्ज मिळेल, १८ लाख आपले' एवढ्यावर लोक बैठकीला जातात. प्रत्यक्षात काय लागतं ते बघा. स्वतःचा वाटा १८ लाख. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार, कारण ३० लाखांपुढच्या घराला तीच कमाल आहे. एजंटची दलाली दोन टक्के धरली तर १ लाख ८० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करण्याची फी, २५ हजार. बेरीज २६ लाख ६५ हजार. रंग, प्लंबिंग, बँकेची प्रक्रिया फी, वकील आणि सामान हलवणं अजून यात आलेलंच नाही. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे इथे ९० हजार वाचतात. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही. ते कुणाच्या नावावर घ्यायचं हे बोलणीआधी ठरवा, साठेखताच्या (विक्रीच्या अटी बांधणाऱ्या प्राथमिक कराराच्या) आदल्या रात्री नको.

कर्जाची टक्केवारीही सगळीकडे ८० नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कमाल मर्यादा अशी: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० आणि त्यापुढे ७५. शिवाय बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते आणि कराराची किंमत व त्याचं मूल्यांकन यांतली जी कमी असेल ती धरते. त्याने ८४ लाख लिहिले तर कर्ज ७२ ऐवजी ६७ लाख २० हजार होतं, आणि ४ लाख ८० हजारांचं भगदाड तुमच्या खिशाला पडतं. जुन्या इमारतीत, वाढीव बाल्कनी बंद केलेल्या फ्लॅटमध्ये किंवा भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसलेल्या इमारतीत हे हमखास घडतं. म्हणून बैठकीआधी बँकेकडून पूर्वमंजुरीचं पत्र घ्या, आणि मूल्यांकन पाच लाखांनी कमी आलं तर पैसे कुठून आणणार याचं उत्तर घरात तयार ठेवा. उत्तर नसेल तर तुमचा कमाल आकडा ९० नाहीच.

हा कमाल आकडा कागदावर लिहा, घरातल्या सगळ्यांनी वाचा आणि कागद घरीच ठेवा. 'दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय' हा निरोप आला की डोकं चालेनासं होतं, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

जाहिरातीतल्या भावावरून ऑफर ठरवणं

वेबसाइटवर दिसतात त्या विकणाऱ्यांच्या अपेक्षा. खरे व्यवहार बघायचे तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जा, गावाचं नाव आणि मिळकत क्रमांक टाका. त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या व्यवहारांची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या कराराचा सारांश, उघडते. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही असतात. गेल्या वर्ष-दीड वर्षातले तीन-चार व्यवहार सापडले तरी बोलायला आधार मिळतो. 'खालच्या मजल्यावरचा अमुक भावाने गेला' असं विकणाराच सांगत असेल, तर सूची दोन उघडून बघायला दहा मिनिटं पुरतात.

क्षेत्रफळाची गल्लत इथेच होते. समजा ९० लाखांचा फ्लॅट '९०० स्क्वेअर फूट' म्हणून सांगितला, म्हणजे दर १०,००० झाला. पण ते सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलेलं क्षेत्र आहे. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आत वापरता येणारं, ६५० आहे. म्हणजे खरा दर १३,८४६. पलीकडच्या गल्लीतला ८८ लाखांचा फ्लॅट ६८० कार्पेटचा असेल तर त्याचा दर १२,९४१ पडतो. तुलना कायम कार्पेटवर करा. जुन्या करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा आणि ते बिल्टअप (भिंतींसह) लिहिलंय की कार्पेट हे नीट वाचा. शंका असेल तर मोजपट्टी घेऊन जा. कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर तेही कळतं.

रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही बघून ठेवा. तो बाजारभाव नसतो, पण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर बसतं. रेडीरेकनरची किंमत करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपुढे गेली तर मधला फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. फार घासून भाव पाडलात आणि वर आयकर भरलात, असं व्हायला नको.

बैठकीत सगळ्यांनी बोलणं

आई हॉल बघून 'इथे देव्हारा छान बसेल' म्हणते, मुलगा आपली खोली ठरवतो, आणि एजंट हे सगळं शांतपणे ऐकत असतो. घर आवडलं हे लपवायची गरज नाही. पण भावाची बैठक वेगळ्या दिवशी ठेवा, दोघांनीच जा आणि बोलायचं एकाने. दुसऱ्याने फक्त टिपायचं. एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेत असेल तर त्याला तुमचा कमाल आकडा कळणं म्हणजे विकणाऱ्यालाच कळणं.

ऑफरच्या पायऱ्या लहान होत गेल्या पाहिजेत. ८२, मग ८५, मग ८६ लाख ५० हजार, मग ८७. ८२ वरून थेट ८८ ला उडी मारली की समोरच्याला वाटतं अजून वाव आहे, आणि तो बरोबरच असतो. प्रत्येक पायरीला काहीतरी मागा. '८६ लाख ५० हजार देतो, पण मॉड्युलर किचन आणि दोन्ही एसी राहतील, आणि सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य तुमच्याकडे.' पैशात न दिसणाऱ्या गोष्टींना बोलणीत मोठं वजन असतं. विकणाऱ्याला मुलांची परीक्षा होईपर्यंत राहायचं असेल तर ती मुदत देऊन दोन लाख सुटू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: का विकताय, आणि पैसे कधी लागणार आहेत?

मुहूर्ताचा दबाव वेगळाच. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया साधायची म्हणून कागद न बघता टोकन दिलं जातं. मुहूर्त हवाच असेल तर त्या दिवशी नारळ वाढवा, चेक कागद बघून झाल्यावर द्या. उलट पितृपक्षात बरेच जण टोकन देत नाहीत. ज्यांना त्याचं काही नाही, त्यांना तेवढ्या पंधरवड्यात शांतपणे बोलता येतं.

टोकन आधी, कागद नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. टोकन, विसार, बयाणा, नाव काहीही द्या, एकदा चेक गेला की तुमची बाजू नरम होते. त्याआधी या कागदांच्या प्रती हातात हव्यात: विकणाऱ्याचं नोंदणीकृत करारपत्र आणि सूची दोन, बिल्डरपासूनची आधीच्या मालकांची साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा पत्र, चालू मालमत्ता कर व मेंटेनन्सच्या पावत्या आणि कर्ज असल्यास बँकेचं थकबाकीचं पत्र. वकिलाला त्या वाचायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा वेळ द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे कागद पूर्ण नसतात असं समजून चाला.

टोकन लहान ठेवा. ९० लाखांच्या व्यवहाराला ५१ हजार किंवा एक लाख पुरेत, दहा टक्के साठेखताच्या वेळी. आणि विसार पावतीवर फक्त 'रक्कम मिळाली' एवढं नको. स्टॅम्प पेपरवर लिहिली म्हणून मोघम पावती भक्कम होत नाही. तिच्यात हे स्पष्ट असावं:

- एकूण किंमत, कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक, घरात राहणाऱ्या वस्तूंची नावनिशीवार यादी
- साठेखताची तारीख, बाकी पैशांचे टप्पे, ताब्याची तारीख
- कर्ज नामंजूर झालं, मूल्यांकन ठरलेल्या आकड्याखाली आलं किंवा मालकीत दोष निघाला, तर पूर्ण टोकन किती दिवसांत परत
- खरेदीदाराने कारण नसताना माघार घेतली तर किती रक्कम जप्त, विकणाऱ्याने घेतली तर त्याने टोकनवर किती भरपाई द्यायची
- ताब्याच्या दिवसापर्यंतची सगळी देणी कुणाची

मूल्यांकनाचा मुद्दा बहुतेक छापील पावत्यांत नसतोच. तो हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या.

टोकन रोख देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. टोकन परत करतानाही तीच मर्यादा आहे. 'थोडे ब्लॅकमध्ये द्या, भाव उतरवतो' या बोलण्यात घेणाऱ्याचाच तोटा आहे: करारातली किंमत घटते, तिच्यावरचं कर्ज घटतं, आणि पुढे तुम्ही विकायला काढलं की न दिसलेली ती रक्कम तुमच्या नफ्यात मोजली जाते.

५० लाख किंवा त्यापुढच्या घरावर एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या वतीने आधीच कापलेला आयकर, घेणाऱ्याने कापून भरायचा असतो. इथे तो ९० हजार. तो विकणाऱ्याच्या किमतीतूनच जातो, वेगळा द्यायचा नसतो. पण बँकेने आपला हिस्सा पूर्ण दिला, तुम्हीही आपला पूर्ण दिला, आणि टीडीएस कुणीच कापला नाही, असं वारंवार होतं. मग विकणाऱ्याकडून ९० हजार परत मागत बसायचं. स्वतःच्या वाट्यातूनच तो आधी वजा करा आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरा.

सही नक्की कोणाची?

आई-वडिलांचं घर भावंडं विकत असतील तर इथे थांबा. वडिलांनी मोठ्या मुलाला नॉमिनी केलं होतं म्हणून तो मालक होत नाही. सोसायटी त्याच्या नावे कामकाज करते इतकंच, मालकी सगळ्या वारसांची. लग्न होऊन गेलेल्या मुलींसह प्रत्येकाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) हवं. 'ताई काही मागत नाही हो' हे ताईच्या सहीशिवाय धरू नका. वारसांत कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर न्यायालयाची परवानगी लागते, त्याला महिने जातात.

विकणाऱ्या बाजूलाही हेच लागू. भावंडांनी आधी आपसांत किमान भाव आणि वाटणी लिहून ठेवा आणि एकालाच बोलायला बसवा. घेणाऱ्यासमोर भावंडांचं जुनं भांडण निघालं की भाव तिथेच पडतो.

विकणारा परदेशात असेल तर एक टक्का टीडीएसचा नियम लागत नाही. कपात बरीच मोठी असते, आणि कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून मिळवायला त्याला वेळ लागतो. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा कागद) भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. तारखा ठरवण्याआधी ही दोन्ही कामं कुठपर्यंत आली ते विचारा.

ठरल्यानंतर गाडी अडली तर

मूल्यांकन कमी आलं: आधी दुसऱ्या बँकेचं मूल्यांकन घ्या, लाख-दोन लाखांचा फरक सहज पडतो. तरीही कमीच आलं तर तो अहवाल विकणाऱ्यापुढे ठेवा आणि फरक निम्मा-निम्मा मागा. पुढच्या घेणाऱ्याची बँकही साधारण तेच लिहील, हे त्यालाही समजतं.

टोकननंतर भाव वाढवून मागितला: फोनवर वाद घालू नका. विसार पावतीचा फोटो, ठरलेली किंमत आणि साठेखताची तारीख एका मेसेजमध्ये लिहून पाठवा, दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस. भीतीपोटी लाख वाढवलात तर पुढच्या आठवड्यात आणखी एक मागणी येते.

विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे: तुमच्या बँकेने पहिला चेक थेट त्याच्या कर्जखात्यात द्यावा असं साठेखतात लिहा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, उशीर तिच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला. त्यामुळे खरेदीखताची (मालकी देणाऱ्या अंतिम दस्ताची) तारीख कर्ज फिटण्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ठेवू नका.

सोसायटी ना हरकत पत्र देत नाही: आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतरणाला ते सक्तीचं नाही, पण बँक मागतेच. महापालिका हद्दीत अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'ऐच्छिक देणगी'चा आकडा कानावर आला तर मागणी लेखी द्या म्हणून पत्र टाका, बहुधा ती तिथेच विरते.

विकणारा 'अजून आठ दिवस राहू द्या' म्हणाला तर हो म्हणायला हरकत नाही, पण ताब्याच्या ठरलेल्या तारखेनंतर दर दिवसाचं भाडं साठेखतात आधीच लिहिलेलं असावं, आणि आपल्या वाट्यातला लाखभर रुपयांचा शेवटचा चेक चाव्या, वीजमीटरचं रीडिंग आणि पाइप गॅसचं बिल हातात आल्यावरच द्यावा.