बडोद्यात समुपदेशक शोधताय? आधी फोनवर हे विचारा

"मी समलिंगी आहे," किंवा "ट्रान्स आहे," किंवा "माझं मलाच अजून नीट कळत नाहीये. अशांबरोबर तुम्ही काम केलंय का? हे बदलता येतं असं तुम्हाला वाटतं का?" अपॉइंटमेंट घेण्याआधीच सरळ विचारा. 'लग्न झालं की सगळं ठीक होतं' किंवा 'पुढच्या वेळी आईबाबांना घेऊन या' असं उत्तर आलं, तर तिथे जाऊच नका. मग डिग्री कितीही मोठी असो. असे 'बदलायचे' उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

दांडिया बाजारात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, म्हणून गोपनीयतेचंही विचारून घ्या. जिवाला धोका वगैरे अपवाद सोडले, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तो तुमचा हक्क आहे. तरीही धाकधूक वाटली तर पुण्या-मुंबईचा समुपदेशक ऑनलाइन गाठा. मनातलं मराठीतच बाहेर पडत असेल तर गुजराती-हिंदीत ओढाताण कशाला? दोन-तीन भेटींत मोकळं वाटलं नाही तर खुशाल दुसरा शोधा, त्यात संकोच नको.

आणि रात्री अगदीच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास.