झोप सावध असेल तर

पहाटे साडेचारला दूधवाल्याच्या कॅनचा खण्‌कन आवाज आला की आमच्या अख्ख्या मजल्यावर मीच एकटी जागी. बायका म्हणतात, 'एवढ्याने काय जाग येते?' येते हो!

झोप मोडते ती बहुतेकदा मोठ्या आवाजाने नव्हे, शांततेत अचानक आलेल्या आवाजाने. म्हणून खोली चिडीचूप करण्यापेक्षा एकसुरी आवाज चालू ठेवा. साधा पंखा पुरतो. थंडीत त्याचं तोंड भिंतीकडे करायचं, म्हणजे वारा लागत नाही पण घरघर राहते. मोबाइलवर पावसाचा आवाज लावलात तर टायमर नको. तो मध्येच बंद झाला की त्या शांततेनेच जाग येते.

कानात घालायचे फोमचे बोळे बरेच जण नुसते कानावर टेकवतात आणि म्हणतात, उपयोग नाही. स्वच्छ हातांनी बोळा चिमटीत वळून वातीसारखा बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला, की बसला नीट. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मात्र बोळे नकोत, पंखाच बरा. कान दुखत किंवा वाहत असतानाही नकोत.

आणि जाग आलीच तर घड्याळ बघू नका. 'अजून दोनच तास उरले' हा हिशेब सुरू झाला की उरलेली झोपही गेली. आमचं घड्याळ आता स्वयंपाकघरात असतं.