थंडीत ग्रो लाइटच्या काचेला पाणी सुटतं तेव्हा

शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, इंदूरकरांना भारी कौतुक. पण गच्चीवरच्या बंद खोलीत दिव्यांखाली लेट्यूस, मायक्रोग्रीन किंवा भाजीची रोपं घेणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत हीच रात्र जड जाते. साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे पठार. दुपारी २५ अंशांवर असलेला पारा पहाटे १० पर्यंत, कधी त्याच्याही खाली येतो. अशा पहाटे काचेच्या हूडला, म्हणजे दिव्याभोवतीच्या आवरणाला, पाणी सुटतं आणि थेंब खाली पानांवर पडत राहतात. ओल्या पानांवर करपा आणि करडी बुरशी यायला वेळ लागत नाही.

दोष दिव्याचा नसतो, पंख्याचा असतो. उन्हाळ्यात दिवा थंड ठेवणारा डक्टचा (हवेच्या नळीचा) पंखा दिवा बंद झाल्यावरही चालू राहिला, तर बाहेरची गार हवा हूडमधून खेळत राहते आणि काच गारठते. खोलीत २४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण १८ अंशांवर असतो. काच त्याखाली गेली की पाणी धरणारच. शिवाय दिवा विझल्यावर खोली २० अंशांवर आली, तर बाष्प तेवढंच असूनही आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते.

खर्च करण्याआधी काचेवरून बोट फिरवून पाहा. ओल बाहेरून, म्हणजे झाडांकडच्या बाजूला असेल तर खोलीतली दमट हवा गार काचेला भिडते आहे. ओल आतून असेल तर हूडचे सांधे किंवा काचेचं रबर सैल आहे. पंखा हूडच्या पुढे बसवून हवा ओढत असेल तर तो फटींतून खोलीतलं बाष्पही आत ओढतो. तिथे ॲल्युमिनियम टेप लावा, रबर बदला. दोन्ही बाजू कोरड्या असून डक्टच्या तोंडातून पाणी टपकत असेल, तर खोलीतली ऊबदार हवा गच्चीवरच्या उघड्या डक्टमध्ये गार होऊन पाणी सोडते आहे. त्या डक्टला एसीच्या पाइपवर असतो तसा काळा फोम गुंडाळा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या. पाणी दिव्याकडे परतता कामा नये.

पहिल्या प्रकाराला सगळ्यात स्वस्त उपाय टायमर. दिवा विझल्यावर वीसेक मिनिटांनी, हूडची धग गेली की, डक्टचा पंखाही बंद व्हावा. पण तेवढ्याने भागत नाही; पंखा थांबला तरी उघड्या डक्टमधून गार हवा सरकत राहते. हवा आत येते त्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप बसवा. माझ्या मते ही छोटी झडप हवेतली ओल काढणाऱ्या महागड्या डिह्युमिडिफायरच्या आधी घ्यावी.

शक्य असेल तर दिव्यांची वेळच सरकवा. सोळा तास प्रकाश देत असाल तर संध्याकाळी ६ ते सकाळी १० दिवे ठेवा. ऐन गारठ्यात काच गरम राहते आणि अंधाराचे तास बाहेर ऊन असताना येतात. प्रकाशाचे एकूण तास मात्र तेवढेच ठेवा.

हूडचा पंखा बंद म्हणजे खोलीही कोंडून ठेवायची असं नाही. खोलीचा एक्झॉस्ट वेगळा असू द्या आणि अंधाराच्या वेळी अधूनमधून थोडा वेळ चालवा. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता उतरते, म्हणून ती खोली सुकवते. फक्त ती थेट काचेवर किंवा कोवळ्या रोपांवर येऊ देऊ नका. पाणी दिवे लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच द्या आणि ट्रेमध्ये साचू देऊ नका. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर दाराशी नको, झाडांच्या उंचीवर टांगा.

विजेच्या बाबतीत मात्र चालढकल नको. वायर होल्डरकडे जाताना आधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळतो. प्लग आणि बॅलास्ट (दिव्याचा चोक) जमिनीवर ठेवू नका. सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवू नका, ती तडकते. दिवा बंद करून, प्लग काढून, काच निवल्यावर पुसा.

डक्ट नसलेले एलईडी पॅनल वापरणाऱ्यांना झडपेची गरज नाही, पण वायर, पाणी आणि एक्झॉस्टचं वरचं सगळं त्यांनाही लागू आहे. होळीनंतर रात्री ऊबदार झाल्या की टायमर पुन्हा उन्हाळ्याच्या वेळेवर लावा आणि झडप मोकळी हलते ना ते तपासा. ती अडकली तर एप्रिलच्या उकाड्यात हूडला हवाच मिळणार नाही.