पेज नदीकाठी तंबू : आधी पाणी बघा, मग कापड

मी कळव्यात ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. तंबू म्हटला की माझा हात आपोआप शिवणीवर जातो. पहिल्या खेपेला तिथेच फसले. तंबू आतून-बाहेरून चाचपला, चेन दहादा ओढून पाहिली, आणि नदीकडे नीट बघितलंच नाही.

कर्जतजवळ पेज नदीच्या काठी आम्ही घरची सहा माणसं. दुपारी पाणी जेमतेम घोट्याएवढं. मुलांनी पात्रातल्या सपाट दगडावर चपला काढल्या आणि मासे पकडण्याचा उद्योग सुरू केला. दिवस कलताना तिथले राखणदार मामा वरून ओरडले, "ताई, चपला उचला, पाणी सुटलंय!" आम्हाला हसू आलं. जानेवारीत कुठलं पाणी? आम्ही उठेपर्यंत दगड दिसेनासा झाला आणि चपलांचे दोन जोड गेले. माझी जाऊ दुसऱ्या दिवशी ठाण्यापर्यंत लोकलमध्ये माझे पायमोजे घालून आली. ते अजूनही ऐकावं लागतं. चूक आमचीच. मामांनी दुपारीच सांगितलं होतं, आम्ही कानाआड केलं.

तर या खोऱ्याची गंमत अशी आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी मोठाल्या नळांमधून खाली भिवपुरीच्या वीजघरात येतं. हे 1922 पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी पेज नदीत जातं आणि पेज पुढे उल्हासला मिळते. म्हणून भर उन्हाळ्यातही पेज वाहती असते आणि काठावर एवढी कॅम्पची ठिकाणं उभी राहिली आहेत. पण वीजघर चालू झालं की पाणी वाढतं, बंद झालं की उतरतं. ढग बघून त्याचा अंदाज येत नाही. खोपोलीच्या वीजघराखाली पाताळगंगेचंही असंच. कोलाडचं राफ्टिंग तर याच हिशेबावर चालतं : भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिकेत बोटी उतरतात.

म्हणून बुकिंगच्या फोनवर माझा पहिला प्रश्न दराचा नसतो. "पाणी साधारण किती वाजता सुटतं, आणि तुमचे तंबू पात्रापासून किती वर आहेत?" भिवपुरीच्या खालच्या अंगाला राहून जो मालक म्हणेल "छे, आमच्याकडे तसं काही नाही", त्याला नमस्कार करून फोन ठेवा. वाळूवर किंवा गोट्यांवर तंबू ठोकून देणाऱ्यालाही तेच. फोटो त्या वाळूवरच छान येतात, हे मान्य. फोटो काढा आणि वर येऊन झोपा.

जागेवर पोचलात की काठावरच्या झाडांकडे बघा. फांद्यांना प्लास्टिक, वाळलेलं गवत, चिंध्या अडकलेल्या दिसतील. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची ती खूण. मी चिंध्यांमध्ये आयुष्य काढलेली बाई, माझ्या नजरेतून त्या सुटत नाहीत. डोक्याच्या वर लोंबताना दिसल्या तर जून ते सप्टेंबर त्या जागेचं नाव काढू नका, मालकाने कितीही सवलत देऊ दे. 27 जुलै 2019 ला याच उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, बोटी आणून माणसं काढावी लागली. आख्खी आगगाडी जिथे हलू शकली नाही, तिथे आपला चार खुंट्यांचा तंबू काय टिकणार!

मग जायचं कधी? माझं उत्तर ठरलेलं : पौष. लग्नं नसतात, त्यामुळे माझ्याकडे ब्लाउज नसतात. त्याच दिवसांत वालाच्या शेंगा भरतात, म्हणजे पोपटी, मडक्यात भाजलेलं शेंगांचं जेवण, होते. थंडी अंगावर घ्यावीशी वाटते. मी कालनिर्णय उघडून अमावास्येच्या जवळचा शनिवार धरते. चांदणं नसलं की मृग आणि त्याच्यामागचा व्याध असा लखलखतो, की कळव्याच्या गच्चीवरून आपण इतकी वर्षं नक्की काय बघत होतो असं वाटतं.

ठाण्याहून शनिवारी सकाळची कर्जत लोकल पकडा, गर्दी उलट्या दिशेला असते. येताना कर्जतहूनच सुटणारी गाडी धरा. खोपोलीहून येणारी भरून आलेली असते. स्टेशनवरून पुढच्या रिक्षाचे पैसे मालकालाच विचारून ठेवा, मग घासाघीस होत नाही. गाडीने निघालात तर काटई नाक्यावरून बदलापूर, नेरळ, कर्जत.

आता ग्लॅम्पिंग, म्हणजे पलंगबिलंग असलेला सोयीचा तंबू, की साधा तंबू. पूर्वी मला ग्लॅम्पिंग म्हणजे पैसेवाल्यांचं सोंग वाटायचं. पलंगावरच झोपायचं तर घर काय वाईट? मग सासूबाई म्हणाल्या, "मला पण नदी बघायची आहे." वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. त्यांना जमिनीवरून उठवायचं म्हणजे तिघांचं काम. तेव्हापासून आमचं असं ठरलं : त्यांना आणि मला जोत्यावरचा मोठा तंबू, बाकीच्यांना छोटे. त्यांच्यासाठी मी तीन गोष्टी विचारते. कमोड तंबूला लागून आहे का? पायऱ्या किती, आणि धरायला कठडा आहे का? स्पीकर किती वाजता बंद होतो? उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावायचा नाही हा नियमच आहे, पण मालकाच्या तोंडून आधी वदवून घेतलेलं बरं. शेजारच्या तंबूत वाढदिवस निघाला तर व्याध-बिध सगळं विसरा.

कापडाचं मात्र माझ्याकडून ऐका. पाणी सहसा कापडातून येत नाही, टिपेतून येतं. सुई जिथे गेली तिथे भोक पडलं. चांगल्या तंबूत शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. बोटाने चाचपा, सुटायला लागली असेल तर तंबू बदलून मागा. चेन अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा, मी गिऱ्हाइकांच्या पर्सलाही तेच करते. पहाटे तंबू आतून ओला दिसला म्हणून मालकाशी भांडू नका, तो आपलाच श्वास असतो. थंडी असली तरी वरची जाळी अर्धी उघडी ठेवायची आणि अंथरूण भिंतीला टेकू द्यायचं नाही. वरचं आच्छादन आतल्या कापडाला चिकटलेलं दिसलं तर दोऱ्या ताणून घ्या. माझ्या पिशवीत सुई, जाड दोरा आणि सेफ्टी पिना असतातच, दर वेळी शेजारचं कुणीतरी मागायला येतं.

बाकी सामान : माणशी एक बॅटरी, बंद बूट, कानटोपी, सतरंजी, रोजच्या गोळ्या. बूट सकाळी झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. आपल्याकडचं फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, दगड-पाचोळ्यात दिसत नाही, तेव्हा अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलंच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. माणसाला हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

जेवणाचं पॅकेज घ्या, पण रात्रीचं बार्बेक्यू काढायला सांगून पोपटी मागा. मामा मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालतात, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा गच्च बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र होऊन तिथल्या तिथे उडाला की झाली पोपटी. सासूबाई शाकाहारी, त्यांचं छोटं मडकं वेगळं लावतात. गेल्या वर्षी त्यांनी एकटीने ते संपवलं आणि पाणी सुटल्याचा आवाज येतोय का म्हणून रात्री अकरापर्यंत बाहेर खुर्ची टाकून बसल्या.

तंबू स्वतःचा असेल तर सकाळी ओला घडी करून आणला तरी चालेल, पण पिशवीत ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. मी सोमवारी दुकानात वरच्या दांडीवर टांगते. गिऱ्हाइकं विचारतात, हा कोणाचा घागरा?