सरकार, कंपनी, गुंतवणूक: आरोग्यक्षेत्रातील नेत्याची कारकीर्द कशी तपासावी

अमेरिकेच्या आरोग्यक्षेत्रातील एखाद्या नेत्याचा परिचय वाचताना नजर सहसा पदांच्या नावांवर थांबते. ती आधी तारखांवर न्यावी. नॅन्सी-ॲन डीपार्ल यांचे उदाहरण घेऊन कोऱ्या कागदावर वर्षे एकाखाली एक लिहावीत. १९९७ ते २००० या काळात त्या मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठ नागरिकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या प्रमुख होत्या. पुढे त्या खासगी गुंतवणुकीच्या व्यवसायात गेल्या आणि डाव्हिटा, सर्नर, बोस्टन सायंटिफिक अशा आरोग्यक्षेत्रातील कंपन्यांच्या संचालक मंडळांवर राहिल्या. २००९ मध्ये त्या आरोग्य सुधारणेच्या कामासाठी व्हाइट हाउसमध्ये आल्या आणि २०१३ मध्ये सरकारबाहेर पडून कॉन्सोनन्स कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीच्या सहसंस्थापक झाल्या.

आता प्रत्येक कंपनीपुढे एकच प्रश्न लिहावा: हिचे बिल शेवटी कोण भागवते? डाव्हिटा डायलिसिस केंद्रे चालवते. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांना मेडिकेअर १९७३ पासून वयाची अट न लावता संरक्षण देते, त्यामुळे या व्यवसायाचा मोठा भाग सरकारी दरांवर अवलंबून असतो आणि ते दर ठरवण्याचे काम डीपार्ल यांनी पूर्वी सांभाळलेल्या संस्थेकडेच असते. यात बेकायदा काही नाही. दर कसे ठरतात हे आतून पाहिलेली व्यक्ती कंपनीला हवी असते, आणि माझ्या मते अशा कारकिर्दीतील खरे भांडवल हेच आहे. परिचयात त्याला ‘व्यापक अनुभव’ असे गुळगुळीत नाव दिलेले असते, इतकेच.

तिसरे काम कायदा नीट वाचण्याचे आहे, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. पद सोडलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला एक वर्षभर आपल्या जुन्या खात्याशी दुसऱ्याच्या वतीने, निर्णयावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने संपर्क साधता येत नाही. ज्या विशिष्ट पक्षांच्या प्रकरणात, म्हणजे एखाद्या कंत्राटात किंवा दाव्यात, त्याने स्वतः महत्त्वाचा भाग घेतला असेल, त्याबाबत असा संपर्क कायमचा बंद असतो. सर्वांना लागू होणारे नियम किंवा धोरण मात्र या आजीवन बंदीत येत नाही. शिवाय या दोन्ही तरतुदी संपर्कावर आहेत, नोकरीवर नाहीत. म्हणून स्कॉट गॉटलिब एप्रिल २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुखपद सोडून त्याच वर्षी जूनमध्ये फायझरच्या संचालक मंडळावर गेले, यावर टीका जरूर करता येते, पण केवळ तेवढ्यावरून कायदा मोडला असे म्हणता येत नाही.

त्यानंतर कागदपत्रे उघडावीत. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी भागधारकांच्या वार्षिक सभेआधी प्रॉक्सी निवेदन, म्हणजे मतदानापूर्वी भागधारकांना द्यायची माहिती, सादर करते आणि ते ‘एडगर’ या सरकारी संग्रहात फुकट मिळते. त्यातील संचालकांच्या मोबदल्याचा तक्ता शोधावा. रोख मानधन आणि शेअरच्या रूपातील मोबदला वेगवेगळ्या रकान्यांत असतो, आणि दोहोंची तुलना परिच्छेदभर स्तुतीपेक्षा जास्त सांगून जाते. गुंतवणूक निधीच्या बाबतीत हाती फारसे लागत नाही. त्याने कोणत्या कंपन्यांत पैसे घातले एवढे तरी त्याच्या संकेतस्थळावर पाहावे आणि बिलाचा प्रश्न पुन्हा विचारावा.

प्रवास उलट दिशेने झाला असेल तर कागदही बदलतात. अँडी स्लाविट २०१४ मध्ये ऑप्टम या आरोग्यसेवा कंपनीतून मेडिकेअरच्या संस्थेत आले, जानेवारी २०१७ पर्यंत तिचे कार्यवाहक प्रमुख होते आणि २०१८ मध्ये त्यांनी टाउन हॉल व्हेंचर्स ही गुंतवणूक कंपनी सुरू केली. उद्योगातून वरिष्ठ सरकारी पदावर येणाऱ्यांची आर्थिक माहिती ‘२७८ई’ या अर्जात मिळते. तिथे मालमत्तेची नेमकी रक्कम नसून १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,००० डॉलर असे टप्पे असतात, त्यामुळे बेरीज करून एकच आकडा छापण्याचा मोह टाळावा आणि किमान व कमाल असे दोन्ही द्यावेत. हितसंबंध टाळण्यासाठी शेअर विकावे लागले असतील, तर विक्रीपूर्वी घेतलेल्या सरकारी दाखल्यामुळे नफ्यावरील कर पुढे ढकलता येतो. हा कर माफ होत नाही, हे लिहिताना स्पष्ट करावे.