सॉफ्टबॉल बॅटिंग: बॉक्समध्ये डोक्यात होणाऱ्या या चुका टाळा

महिलांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरची (बॉल टाकणारीची) पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या पाटीपासून, 43 फुटांवर असते. पिचर झेप घेऊन बॉल सोडते, म्हणजे खरं अंतर आणखी पाच-सहा फुटांनी कमी. ताशी 60 मैलांचा बॉल साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर पोहोचतो. तेवढ्यात कोपर कुठे आहे, वजन मागच्या पायावर आहे का, हे तपासत बसलात तर बॅट उशिराच येणार. तंत्राचा विचार सरावात करा. ऑन-डेक सर्कलमध्ये (पुढची बॅटर थांबते त्या वर्तुळात) प्रत्येक पिचबरोबर, म्हणजे पिचरने टाकलेल्या बॉलबरोबर, पाऊल टाकून वेळ जुळवा. बॉक्समध्ये, म्हणजे बॅटर उभी राहते त्या चौकटीत, फक्त बॉल पाहा.

पाहण्यातही चूक होते. पिचर उभी राहिल्यापासूनच तिच्या हाताकडे टक लावली की डोळे थकतात. आधी नजर तिच्या छातीवर सैल ठेवा. हात फिरू लागला की कमरेजवळ आणा, कारण बॉल तिथूनच सुटतो.

‘मारू की सोडू?’ असं मनात घोळवत उभं राहणं सगळ्यात महागात पडतं. प्रत्येक पिच मारायचीच, या तयारीने उभे राहा आणि बॉल खराब दिसला तर थांबा. निघालेली बॅट वेळीच आवरता येते, पण थबकलेली बॅट वेळेवर निघत नाही. आपल्याकडे क्रिकेट खेळून आलेल्या मुलामुलींना हे जड जातं. तिथे चांगला बॉल नुसता अडवला तरी काही बिघडत नाही, इथे सोडलेला चांगला बॉल म्हणजे स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाल्या की बाद.

काउंटप्रमाणे बेत न बदलणं ही चूक तर सरावलेल्या बॅटरकडूनही होते. काउंट म्हणजे त्या पाळीतला हिशोब: पहिला आकडा न मारलेल्या खराब पिचचा, दुसरा स्ट्राइकचा. प्लेट 17 इंच रुंद आहे. 0-0 वर तिचा जो अर्धा भाग तुम्हाला जमतो, तेवढाच धरा. 2-0 किंवा 3-1 वर तो आणखी लहान करा. इथेच हाव सुटते: ‘आता सोपा बॉल येणारच’ म्हणत डोळ्यांसमोर चढणाऱ्या राइज बॉलवर बॅट फिरते. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र उलट करायचं. पकड इंचभर वर घ्या, झोन (मारायचा भाग) बाहेरच्या बाजूला एका बॉलच्या रुंदीइतका वाढवा आणि अवघड पिच फाउल करत, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर घालवत, राहा. नेहमीच्या स्विंगचा फाउल कोणी झेलला नाही तर तुम्ही बाद होत नाही. बंटचा (बॅट न फिरवता हळूच टेकवलेल्या बॉलचा) फाउल मात्र तिसरी स्ट्राइक धरला जातो. ‘स्ट्राइकआउट नको’ हा विचार आला की मुठी आवळतात आणि मनगटं ताठ होतात. त्याऐवजी ‘मैदानाच्या मध्याकडे मार’ अशी सूचना द्या, शरीर ती ऐकतं.

मागचा आउट पुढच्या पाळीत आणू नका. 1941 साली बेसबॉलमध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची बॅटिंग सरासरी (हिट भागिले अधिकृत पाळ्या) .406 होती. म्हणजे दर दहा अधिकृत पाळ्यांपैकी जवळपास सहा वेळा त्याला हिट (बॉल मारून बेसवर पोहोचणं) मिळाली नाही. जोरात मारलेला बॉल थेट शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) ग्लव्हमध्ये गेला, तर ती पाळी चांगलीच होती. डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागी) परतल्यावर वहीत तीनच गोष्टी लिहा: काउंट काय होता, कोणत्या पिचवर बॅट फिरवली, ती पिच आपल्या भागातली होती का. चार-पाच सामन्यांनंतर कोणत्या काउंटला भान सुटतं ते या नोंदींत दिसेल. सरावात कोचला सांगून नेमका तोच काउंट लावून खेळा.