बॅटरीवरचं बोर्ड बनवायला पाठवण्याआधी

मागच्या सर्किट बोर्डाची बॅटरी वर्षभर जायला हवी होती, ती पंधरा-सोळा दिवसांत संपली, म्हणून यावेळी फाइल्स पाठवायच्या आधी हे सगळं नीट बघायचं. डिकपलिंग कॅपॅसिटर, उलटी बॅटरी, स्क्रूची भोकं हे सगळ्यांना माहितीय, सोडून देतो.

सगळ्यात आधी झोपेतला करंट, म्हणजे काम नसताना ओढला जातो तो. चिपचा नाही, अख्ख्या बोर्डाचा! डेटाशीटवर डीप स्लीप १० मायक्रोअँप लिहिलेलं असतं ते त्या एकट्या चिपचं, तिच्या शेजारी एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर बसवला की तो एकटाच साधारण ५ मिलिअँप खातो, लोड असो वा नसो, म्हणजे २००० एमएएचची बॅटरी ४०० तासांत गार, मग चिप झोपली काय नि जागी काय. एमसीपी१७०० या दुसऱ्या रेग्युलेटरला १.६ मायक्रोअँप पुरतात पण तो २५० मिलिअँपच्या वर देत नाही, आणि वायफाय पाठवताना त्याहून जास्त ओढू शकतं, तेव्हा रेडिओ आधी ठरवा, रेग्युलेटर मग. पॉवर एलईडी काढून टाका. बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर) १०के-१०के ओहमचा ठेवलात तर ४.२ व्होल्टला २१० मायक्रोअँप रात्रंदिवस वाहतात, मेगाओहम घातलेत तर एडीसी (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) चुकीचं वाचतो, म्हणून एडीसीच्या पिनवर १०० नॅनोफॅरड लावा नाहीतर मॉस्फेट स्विचने डिव्हायडरच बंद करा. सेन्सरची पॉवर कापली पण आयटूसीचे (सेन्सरशी बोलायच्या दोन लाइनींचे) पुलअप रेझिस्टर कायमच्या पॉवरवर राहिले तर करंट त्या पिनांतून सेन्सरमध्ये शिरतो, आणि हे स्किमॅटिक बघून पटकन लक्षातही येत नाही.

आता हे मोजणार कसं? बॅटरीच्या लाइनमध्ये दोन पिनांचा जंपर टाका. आत्ताच टाका, नंतर ट्रॅक कापत बसावं लागतं. बोर्ड चालू होताना जंपर लावलेलाच ठेवायचा, झोपलं की दोन्ही पिनांना मीटर जोडायचं आणि मग जंपर उपसायचा, कारण मायक्रोअँप रेंजवर मीटरमध्येच इतका व्होल्टेज पडतो की रेडिओ जागा झाला की बोर्ड रीसेट होतं आणि आपण कोडमध्ये बग शोधत राहतो. डीबगर (चिपमधला कोड तपासायचं यंत्र) काढूनच मोजा, तो जोडलेला असला की बऱ्याच चिप पूर्ण झोपतच नाहीत.

सॉफ्टवेअर. रिकाम्या पिना तरंगत्या सोडू नका. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीस्टार्ट करणारा) दुसऱ्या टायमरच्या इंटरप्टमधून रीसेट करू नका, मेन लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, मग तो वॉचडॉग असून नसल्यासारखा. ३२ बिटी मिलिसेकंद काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, किती वेळ गेला ते आत्ताच्या आकड्यातून आधीचा वजा करूनच तपासा. चिपच्या आतल्या फ्लॅश मेमरीची हमी बऱ्याचदा १०,००० वेळा पुसण्याचीच असते, एकच पान दर मिनिटाला पुसून लिहिलंत तर आठवड्यात ती संपते. अपडेटला दोन स्लॉट ठेवा, एकात जुना कोड, दुसऱ्यात नवा.

टेस्ट पॉइंट, सिल्कवर (बोर्डावरच्या छपाईत) व्हर्जन नंबर, झालं. आणि जंपर आहे ना स्किमॅटिकमध्ये? लेआउटमध्येही आलाय का ते बघा, मगच पाठवा.